शिळं पाणी वेगळं, सायकल झालेली टाकी वेगळी

माळ्यावरची टाकी खाली काढली, घासली, गोटे टाकले, पाणी भरून एक दिवस तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले. दुकानदारानेच सांगितलेलं असतं, "24 तास पाणी ठेवा, मग बिनधास्त सोडा." मग चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागतात, खाणं सोडतात, एकेक करून जातात आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की आपल्याला मासे लाभत नाहीत.

लाभणं-बिभणं काही नसतं हो. दुकानदार खोटं बोलत नाही, तो अर्धंच सांगतो. पाणी शिळं करणं (क्लोरिन उडून जाईपर्यंत ते ठेवणं) आणि टाकी सायकल होणं (माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वसणं) ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं झालं म्हणजे दुसरं झालंच असं लोक धरून चालतात. दोन्हीत बघायला गेलं तर नुसतं स्वच्छ पाणीच दिसतं ना, म्हणून.

शिळ्या पाण्याचं आधी उरकून टाकू, ते सोपं आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, पावसाळ्यात तर बादलीला वास येतो इतका. तो माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवलं, त्यात एअर पंपाचा दगड सोडला तर अजून लवकर, की तो उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरिन मिळतं, खड्यांचं किंवा लिक्विड, आत बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते काही मिनिटांत काम करतं. फक्त तुमच्याकडे नळाच्या पाण्यात क्लोरामाईन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर ते नुसतं ठेवून उडत नाही, त्याला कंडिशनरच, म्हणजे दुकानात मिळणारं पाणी सुधारायचं औषधच, लागतं. बोअरवेलवाल्यांना क्लोरिनची भानगड सहसा नसते पण त्यांनीही पाणी रात्रभर हवेवर ठेवावं, कारण जमिनीतून ताज्या आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड जास्त असू शकतो आणि तो निघून गेला की पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, वर सरकतो. बास, शिळं पाणी म्हणजे एवढंच. पाण्यात जे होतं ते काढलं.

सायकलचा प्रश्न मासे आत गेल्यावर सुरू होतो. मासा कल्ल्यातून सतत अमोनिया सोडत असतो, म्हणजे तळाशी घाण दिसत नसली तरी पाण्यात अमोनिया येतच असतो, वर उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. नदीत तो वाहून जातो, दोन बाय एक बाय एकच्या टाकीत, म्हणजे जेमतेम 56 लिटरमध्ये, तो जाणार कुठे? त्याला खाणारे बॅक्टेरिया लागतात. एक गट अमोनियाचा नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचा नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राईटही विषारी (त्याने माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, म्हणून पाण्यात हवा भरपूर असूनही तो धापा टाकतो), नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सहन होतं, झाडं थोडं खातात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढतो.

हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि नेमका हाच कोणी सांगत नाही. ते स्पंजला, गोट्यांना, काचेला चिकटून राहतात. म्हणजे पाणी महिनाभर जरी शिळं केलं तरी त्यात खायला अमोनिया नाही आणि वाहता फिल्टर नाही तर टाकी सायकल होत नाही. उलट सायकल झालेल्या टाकीतलं अर्धं पाणी काढून ताजं, क्लोरिन काढलेलं पाणी भरलं तरी सायकलला काही होत नाही, कारण वस्ती स्पंजमध्ये आहे. तोच स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुतला किंवा उन्हात वाळवला की मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून. माळ्यावर वर्षभर कोरडा पडलेला फिल्टर म्हणूनच नव्यासारखाच समजायचा, त्यात काही जिवंत उरलेलं नसतं.

वेळेचा फरक तर विचारूच नका. शिळं पाणी एका दिवसाचं काम, सायकलला साधारण 4 ते 6 आठवडे. आणि ते डोळ्याने कळत नाही. मध्येच पाणी दुधाळ होतं ते वेगळ्याच बॅक्टेरियांमुळे, आपोआप निवळतं, आणि निवळलं की लोकांना वाटतं झाली टाकी तयार. नाही. टेस्ट किट लागतं, पट्ट्यांपेक्षा थेंबांचं घ्या. अमोनियाच्या नळीत थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं, पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट झालं तर आहे, आणि रंग बघताना नळी पांढऱ्या कागदासमोर धरा, पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं.

मासे न घालता सायकल करायची असेल (आणि तशीच करावी, माशांना गिनीपिग कशाला करायचं) तर अमोनिया आपण द्यायचा. अमोनियम क्लोराईड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर तोच, पण बाजारातला भेसळीचा नको, लॅब ग्रेडचा घ्या. 50 लिटरला साधारण 0.3 ग्रॅम, इतक्याने लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. हा डोस टाकल्यावर 24 तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राईटही शून्य दिसायला लागलं की टाकी तयार. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राईट चढून बसेल, तिथे लोकांचा धीर सुटतो, पण तो मधला टप्पाच आहे. नंतर साठलेला नायट्रेट काढायला मोठं पाणी बदला आणि मग मासे आणा.

पुन्हा टाकी लावणाऱ्यांसाठी शॉर्टकट आहे, आणि बाटलीतल्या बॅक्टेरियांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे. ओळखीत कोणाची निरोगी टाकी चालू असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. दह्याला विरजण लागतं तसंच हे. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायचा, वाटेत वाळू द्यायचा नाही आणि घरी आल्या आल्या आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. सहा आठवड्यांचं काम बरेचदा एक-दोन आठवड्यांत होतं. फक्त त्या टाकीत रोग नाही ना हे विचारून घ्या, स्पंजाबरोबर तोही येतो. आणि या काळात दुकानातला निळा थेंब, म्हणजे मिथिलीन ब्लू, "सेफ्टी म्हणून" टाकीत ओतू नका, बॅक्टेरियांनाच फटका बसतो, वर सिलिकॉनचे जोड निळे होतात ते वेगळं.

पीएचचीही एक गोष्ट इथे येते. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो, 25 अंशांना पीएच 7 असताना तो शेकडा 1 पेक्षाही कमी असतो आणि पीएच 8 ला जवळपास 5. म्हणून हलक्या, मऊ पाण्यात, जिथे पीएच सहसा कमी असतो, नवीन टाकी कशीबशी निभावून जाते आणि बोअरच्या जड, सहसा जास्त पीएचच्या पाण्यात तितक्याच अमोनियाने मासे मरतात. शेजाऱ्याच्या टाकीत चाललं म्हणून आपल्याकडे चालेलच असं नाही, ते यामुळे.

मासे घालताना एकदम वीस आणू नका, बॅक्टेरियांची वस्ती मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते, अचानक दुप्पट ओझं आलं की पुन्हा अमोनिया चढतो. दोन फुटी शांत टाकीसाठी आधी सहा झेब्रा डॅनिओ किंवा हार्लेक्विन रासबोरा, ते दणकट असतात, दोन आठवड्यांनी टेस्ट बघून सहा कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे कोरीडोरास मासे (खाली वाळू किंवा गुळगुळीत बारीक गोटे असतील तरच), आणि नाजूक निऑन टेट्रा सगळ्यात शेवटी. एंजल दिसायला कितीही देखणा असला तरी मोठा झाला की निऑन गट्ट करतो, टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो, आणि गोल्डफिशचं हे घरच नाही.

पुढे दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलायचं, तेव्हा शिळ्या पाण्याची बादली लागतेच. आदल्या रात्री भरून ठेवा. काढलेल्या जुन्या पाण्याचा एक मग बाजूला काढा आणि फिल्टरचा वेग मंदावला असेल तर स्पंज त्यातच दोनदा हलका पिळा, वर तरंगणारा तपकिरी गाळ गेला की पुरे, पांढराशुभ्र करत बसू नका. उरलेलं पाणी कुंडीतल्या झाडांना घाला.