युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स स्पर्धेत ऑस्ट्रिया

युरोव्हिजन म्हटलं की बहुतेकांना पॉप गाण्यांची ती झगमगाटी स्पर्धा आठवते, पण ती भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची (युरोपातल्या वाहिन्यांची संघटना) पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचीही एक स्पर्धा आहे, युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स. साधारण दर दोन वर्षांनी होते, वाजवणारी मुलं विशीच्या आसपासची किंवा त्याहूनही लहान, सोबत ऑर्केस्ट्रा, आणि विजेता ठरवतात ते परीक्षक. पहिली १९८२ साली मँचेस्टरला झाली, तेव्हा जेमतेम सहा देश होते, त्यात ऑस्ट्रिया होता. देशाकडून मुलं पाठवायचं काम तिथली सार्वजनिक वाहिनी ओआरएफ करते.

२०२४ पर्यंत २१ वेळा स्पर्धा झाली (२०२० ची कोविडमुळे रद्द झाली) आणि त्यात ऑस्ट्रिया सहा वेळा जिंकला. दुसऱ्या नंबरवर पोलंड, तीन वेळा. लागोपाठ दोनदा जिंकलेला देशही ऑस्ट्रिया हा एकच, २००२ आणि २००४.

आता खरी गंमत ही की सहाही विजेते व्हायोलिनवाले आहेत! १९८८ ज्युलियन राखलिन, १९९८ लिडिया बाइच, २००२ दालिबोर कारवाय, २००४ अलेक्झांड्रा सूम, २०१४ झियू हे, २०२४ लिओनहार्ड बाउमगार्टनर. यातले पहिले चौघं तर एकाच गुरूचे शिष्य, बोरिस कुशनिर. ते स्वतः कीव्हचे, मॉस्कोत शिकलेले, मग व्हिएन्नात येऊन शिकवायला लागले. आपल्याकडे याला सरळ घराणंच म्हटलं असतं. आणि जन्मगावं बघा, राखलिन लिथुआनियातल्या व्हिल्नियसचा, बाइच सेंट पीटर्सबर्गची, कारवाय स्लोव्हाकियाचा, सूम मॉस्कोत जन्मून फ्रान्समध्ये वाढलेली, झियू हे चीनमधल्या चिंगदाओचा आणि साल्झबर्गच्या मोत्सार्टेउम या संगीत विद्यापीठात शिकलेला. म्हणजे ऑस्ट्रियाचं यश हे मुख्यतः तिथल्या शिकवण्याचं यश आहे, असं मला तरी अगदी मनापासून वाटतं. मुलं लांबून तिथं शिकायला येतात हे काही नवीन नाही, आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले ते शिकायलाच.

राखलिन जिंकला तेव्हा फक्त १३ वर्षांचा होता. त्यानंतर कंडक्टर (ऑर्केस्ट्रा चालवणारे) रिकार्डो मुटींच्या हाताखाली तो व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रासोबत वाजवणारा आजवरचा सगळ्यात लहान सोलोइस्ट (एकल वादक) ठरला, आणि आज तो व्हायोलिन, व्हायोला आणि कंडक्टिंग तिन्ही करतो.

यजमानपदही ऑस्ट्रियाकडे सहा वेळा आलं, सगळं व्हिएन्नातच: १९९०, १९९८ आणि मग २००६ ते २०१२ सलग चार वेळा. या शेवटच्या चार स्पर्धा शहराच्या रातहाउससमोरच्या (नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या) मोठ्या चौकात उघड्यावर झाल्या, व्हिएन्ना फेस्टिव्हलच्या उद्घाटनाला जोडून, त्यामुळे तिकीट काढून हॉलमध्ये बसणाऱ्यांपुरता हा कार्यक्रम राहिला नाही, गावच लोटायचं. पण घरच्या मैदानावर जिंकणं मात्र एकदाच जमलं, १९९८ ला लिडिया बाइचला. त्या सलग चार स्पर्धांत बक्षीस स्वीडनचा चेलो, ग्रीसचं क्लॅरिनेट, स्लोव्हेनियाची बासरी आणि नॉर्वेचा व्हायोला घेऊन गेले. ऑस्ट्रियाला पुढचं बक्षीस २०१४ ला जर्मनीत कलोनला मिळालं, आणि त्यानंतरचं थेट २०२४ ला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर असलेल्या नॉर्वेतल्या बोडो शहरात.