गोवर आणि मेंदू

गोवर म्हटलं की ताप, सर्दी-खोकला, अंगभर पुरळ आणि आठ-दहा दिवसांत पोर परत खेळायला मोकळं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण हा व्हायरस मेंदूलाही गाठतो, तेही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि या तिन्हींची कायम सरमिसळ होते.

पहिली म्हणजे पुरळ उठल्यानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत येणारी मेंदूची सूज, गोवर झालेल्या हजारात एखाद्याला होते. उतरलेला ताप परत चढतो, मूल गुंगीत जातं, झटके येतात. विचित्र म्हणजे मेंदूत व्हायरस बहुधा सापडतच नाही, शरीराची स्वतःची इम्युनिटीच बिथरून नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर तुटून पडते. दुसरी तऱ्हा ज्यांची इम्युनिटी आधीच कमजोर आहे त्यांची, उदा. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेली मुलं. इथे व्हायरस खरंच मेंदूच्या पेशींत असतो, वर्षभराच्या आत झटके सुरू होतात आणि फार थोडे वाचतात.

तिसरी एसएसपीई (सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस), आणि खरी भीती हिचीच, कारण गोवर बरा होऊन साधारण 6 ते 10 वर्षं मूल अगदी ठणठणीत असतं. डॉसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1933 मध्ये अशा एका रुग्णाच्या मेंदूच्या पेशींत विचित्र गोळे पाहिले होते, पण रुग्णांच्या मेंदूतून गोवराचा व्हायरस वेगळा काढता आला तो 1969 च्या सुमारास. व्हायरसच्या जीन्समध्ये बदल होत जातात, पेशीबाहेर पडायला लागणारं एम प्रोटीन बिघडतं, मग तो बाहेर न पडताच एका न्यूरॉनमधून (मेंदूतल्या चेतापेशीतून) शेजारच्या न्यूरॉनमध्ये सरकत राहतो आणि अँटीबॉडीज भरपूर असूनही त्यांच्या हाती लागत नाही. सुरुवातीला फक्त अभ्यासात मागे पडणं, चिडचिड, विसरभोळेपणा, घरच्यांना वाटतं पोरगं आळशी झालंय. मग ठरावीक अंतराने अंगाला हिसके बसायला लागतात, ईईजीवरही (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) तसाच पॅटर्न दिसतो, पाठीतून काढलेल्या पाण्यात गोवराच्या अँटीबॉडीज खूप वाढलेल्या असतात. पुढे अंथरूण, कोमा, आणि बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत मृत्यू. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉन ही औषधं देतात, त्याने आजार काहींमध्ये थोडा लांबतो, बरा होत नाही.

दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका सगळ्यात जास्त. लसीनेच एसएसपीई होतो अशीही शंका घेतली जाते, पण अशा रुग्णांच्या मेंदूतला व्हायरस तपासला तेव्हा तो लसीतला निघाला नाही, बाहेर फिरणाऱ्या गोवराचाच निघाला.