बाळाशी बोलायला कुणी आहे का?

ममता दिवसाला, म्हणजे माता-बालकांच्या तपासणीच्या आणि लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी, बडोद्याच्या कुठल्याही अंगणवाडीत डोकावलं, तर ताई बाळाच्या डाव्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळताना दिसतात. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांसाठी ही पट्टी वापरतात. दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर हिरवा रंग, 11.5 ते 12.5 पर्यंत पिवळा, त्याखाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, तिथे दिरंगाई चालत नाही. पट्टी अगदी स्वस्त आहे, पण तिने असंख्य जीव वाचवले आहेत.

मेंदूचं कुपोषण मात्र असं दंडावर मोजता येत नाही. दोन वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चार-पंचमांश झालेला असतो. याच काळात पेशींच्या जोडण्या झपाट्याने होतात. बाळ हुंकार देतं, आई ‘हो का गं?’ म्हणते, बाळ पुन्हा काहीतरी बोलतं. अशा देवाणघेवाणीतून वापरात राहिलेल्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या हळूहळू गळून पडतात.

जमैकातल्या किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये सुरू झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. गरीब वस्त्यांतली, वयाच्या मानाने उंची खुंटलेली 129 बाळं त्यात घेतली होती. काहींना दोन वर्षं पूरक आहार दिला, काहींना आहाराऐवजी खेळ, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. खेळ म्हणजे काय, तर वस्तीत काम करणारी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी यायची. रिकाम्या बाटल्या, खोकी यांपासून केलेली खेळणी आणायची आणि बाळाशी कसं खेळायचं, काय बोलायचं हे आईला करून दाखवायची. जाताना खेळणी तिथेच ठेवायची, पुढच्या खेपेला बदलून द्यायची. ही मुलं बाविशीत आली, तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली. हाणामारीचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. नुसत्या आहाराचा फायदा मात्र एवढा टिकला नाही. याचा अर्थ आहार कमी महत्त्वाचा असा मुळीच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत गुजरातमधली पाच वर्षांखालची 39 टक्के मुलं खुंटलेली आढळली आहेत. आहार तर हवाच.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात, गाणी म्हणतात. त्याहून लहान बाळांच्या वाट्याला येतं ते वजन, लस आणि घरी न्यायचं ‘बालशक्ती’ या पूरक आहाराचं पाकीट. म्हणजे मेंदू सर्वांत वेगाने वाढतो, नेमकी तीच वर्षं खेळाविना जातात. केंद्र सरकारने 2024 मध्ये तीन वर्षांखालच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आणला, त्यात घरभेटी आणि खेळ आहेत. पण रजिस्टर, मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर आणि स्वयंपाकाची देखरेख यातून ताईंना घरभेटीला वेळ मिळायला हवा ना?

बडोद्याला या कामाची परंपरा आहे. सयाजीरावांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. 1975 मध्ये देशात अंगणवाडी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या 33 प्रकल्पांत तेव्हाच्या बडोदा जिल्ह्यातलं छोटा उदेपूर होतं.

आणि आईलाच उसंत नसेल तर? खानदेशातून इथे बांधकामावर आलेली बाई दिवसभर घमेली वाहते. बाळ वाळूच्या ढिगाशेजारी, पाच-सहा वर्षांच्या ताईच्या कडेवर. संध्याकाळी चूल पेटवायची, की बाळाशी बोलायचं? 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथेच लागू व्हायची. आठ-दहा बायका असलेल्या लहान साइट त्यातून सुटायच्या, आणि शहरात ठिकठिकाणी अशाच साइट दिसतात. चार-पाच साइटना मिळून एक खोली आणि मुलांशी बोलणारी, खेळणारी एक बाई, एवढी सोय महापालिका आणि बिल्डर मिळून नक्कीच करू शकतात.