एल निनो म्हणजे समुद्राखालचा ज्वालामुखी नव्हे
दर दोन-चार वर्षांनी तोच फॉरवर्ड फिरतो, पॅसिफिकच्या तळाशी ज्वालामुखी पाणी तापवतात म्हणून एल निनो येतो, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाजवळचा समुद्र नेहमीपेक्षा कोमट होतो. नाही हो! बशीतल्या चहावर फुंकर मारा, साय पलीकडच्या काठाला जाऊन साठते ना, तसंच पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलत राहतात, इतकं की तिथली पातळी इक्वाडोरपेक्षा जवळपास अर्धा मीटर उंच असते. वारे ढिले पडले, किंवा १९९७ च्या सुरुवातीला झालं तसं पश्चिमेकडून उलटे झोत आले, की प्रवाह मंदावतो, कधी उलटाच फिरतो आणि तो उबदारपणा दोन-तीन महिन्यांत पेरूला पोचतो. उष्णता सूर्याचीच, फक्त जागा बदलते. आणि हो, त्या ९७ ला एवढा तगडा एल निनो असूनही आपला मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला होता.