गेलेल्या माणसाची हाक ऐकू आली तर?

नवरा गेल्यावर महिन्याभराने त्याची हाक ऐकू आली, तर बाई कुणाला सांगत नाही. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणतील ना! नसलेला आवाज ऐकू आला म्हणजे वेड लागलं, हा समज जुना आहे, पण खरा नाही. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ साली पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास निम्म्यांना गेलेला माणूस आसपास जाणवत होता. काहींना दिसे, काहींना ऐकू येई. बहुतेकांना त्याचा आधारच वाटे, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. (तिकडेही लोक काय म्हणतील हे आहेच.)

डॉक्टर नुसता आवाज ऐकू येतो का एवढंच बघत नाहीत. तो हुकूम सोडतो का, भीती घालतो का, झोप-जेवण-काम बिघडलंय का, हे विचारतात. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, मांत्रिक नव्हे.