शॉकअप गाडीचं वजन पेलत नाहीत

'उंच केलेल्या जीपमधून ठकठक येते, म्हणजे शॉकअप गेले. जास्त कडक घाला, गाडी उंचही राहील.' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे.

वजन पेलतात स्प्रिंगा किंवा पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शॉकअप आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून स्प्रिंगची उसळी शमवतो, एवढंच. त्यामुळे गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी पाटे तपासा.

ठकठकीचं कारण बरेचदा लांबीत असतं. स्प्रिंगा किंवा पाटे बदलून गाडी 50 मिलिमीटर उचलली आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर ते उभ्या गाडीतच साधारण तेवढे ताणलेले राहतात. गोव्यात कुळ्याहून दूधसागर धबधब्याच्या वाटेवर ओढ्यातल्या धोंड्यावरून चाक खाली उतरलं की शॉकअप पूर्ण ताणून आतल्या आत आदळतो. कडक शॉकअपही लांबीला तितकाच असेल तर तोही आदळणारच!

पडताळा असा. सपाट जागी बाकी चाकांना दगड लावा, चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली कधीही शिरू नका. अ‍ॅक्सलला दुसरा जॅक लावून शॉकअपचा खालचा बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. ब्रेकची नळी ताणू देऊ नका. अ‍ॅक्सल पूर्ण ताणलेल्या शॉकअपच्या टोकाखाली गेला, तर शॉकअप आखूड आहे. तसं नसेल, तर शॉकअपच्या टोकांतले रबरी बुश बघा. ठकठक तिथूनही येते.

बाहेरून किंचित ओलसरपणा आणि त्यावर चिकटलेली तांबडी माती चालते. तेल ओघळत असेल, तर मात्र शॉकअप बदलाच.