डेटा ‘पोर्ट’ करण्याचा हक्क कायद्यात आहे?

मोबाइल नंबर जसा पोर्ट होतो, तसा आपला सगळा डेटा एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर नेण्याचा हक्क २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने दिला, असं बरेच दिवस सांगितलं जातंय. तसं काही या कायद्यात नाही.

गैरसमजाचं मूळ मात्र खरं आहे. डेटा संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात हा हक्क होता, २०१९च्या विधेयकातही होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२मध्ये मागे घेतलं गेलं आणि नोव्हेंबरच्या नव्या मसुद्यातून हे कलम गायब झालं. बातम्या मात्र जुन्याच फिरत राहिल्या. कायद्याच्या कलम ११नुसार तुम्हाला मागता येतो तो डेटाचा गोषवारा आणि तो कोणाकोणाला दिला याची माहिती. दुसऱ्या ॲपला वापरता येईल अशी फाइल मिळेलच असं नाही. दुरुस्ती आणि पुसून टाकण्याचा हक्क आहे, तो वेगळा.

युरोपात जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २०मध्ये हा हक्क आहे, पण तोही अर्धाच म्हणायचा: संमती किंवा करारावर घेतलेला आणि तुम्ही स्वतः पुरवलेला डेटा. कंपनीने त्यावरून बांधलेले अंदाज, म्हणजे खरा माल, तिच्याकडेच राहतो.